पांढरं निघालेलं पान

दोनशे साठ झाडांची मोसंबीची बाग तहानेनं उभी होती आणि त्यातलं एकच झाड रोज सकाळी कळशीभर पाणी पीत होतं. हे दैवशालाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते झाड वाटेच्या तोंडाशी, शेडच्या अंगाला. सोळा वर्षांपूर्वी बाग लावली तेव्हा दैवशालाची लेक गंधाली सहा वर्षांची होती. तिनं एक रोप आपल्या हातानं खड्ड्यात सोडलं, माती लोटली, आणि चिखलाचे हात बापाच्या धोतराला पुसले. तेव्हापासून त्याला घरात कुणी मोसंबी म्हणत नसे. ते गंधीचं झाड. गंधी आता संभाजीनगरला होस्टेलवर राहून एम.एस्सी. करत होती. फोनवर म्हणायची, मेसची भाजी म्हंजे पाण्यात पोहणारा एक बटाटा. ते ऐकलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे दैवशालाच्या कळशीचं तोंड आपोआप त्या झाडाच्या बुडाशी वाकायचं.

एरवी तिला कळत नव्हतं असं नाही. मोसंबीला बहार धरायचा तर तिला आधी तहानेला बसवावं लागतं. हिवाळ्यात पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळून जातात. झाड आतल्या आत काहीतरी ठरवतं, आणि मग पाणी सोडलं की फांदीफांदीला फूल फुटतं. शेतकरी ह्याला ताण म्हणतात. ताण कमी बसला तर झाड नुसतं पानांनी भरतं, जास्त बसला तर वाळतं. मधल्या चार-सहा दिवसांत सगळं वर्ष असतं.

ते चार-सहा दिवस ओळखणारा माणूस गेला होता. दैवशालाचे थोरले दीर काकासाहेब. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की दुसऱ्या दिवशी ते बागेचे व्हॉल्व बंद करायचे, दीड महिना एकटेच झाडांतून हिंडायचे, आणि एका दुपारी ओट्यावर येऊन म्हणायचे, "सोडा पानी." आजच का, हे कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले, आणि त्यांच्याबरोबर ते 'आज'ही गेलं.

पहिल्या वर्षी दैवशालाला झाडांची कीव आली. तिनं विसाव्या दिवशीच पाणी सोडलं. बाग हिरवीगार झाली, फूल औषधाला नाही. दुसऱ्या वर्षी ती जिद्दीला पेटली, पासष्ट दिवस धरलं. अकरा झाडं सरपणाला गेली आणि उरलेल्यांनी जीव वाचवण्यापलीकडे काही केलं नाही.

तिचा नवरा राजानंद जालन्याच्या एका सळईच्या कारखान्यात भट्टीवर होता. रोज जाऊन-येऊन करायचा, सुट्टी गुरुवारी. औंदा चंपाषष्ठीला व्हॉल्व बंद करताना तो म्हणाला, "हे बघ, आता शेवटचं. शिवरात्रीच्या आधी कळी दिसली तर बाग. न्हाई तर त्या जेसीबीवाल्या कल्याणचं मशीन लावतो आन् मुळासकट काढतो. सीताफळ लावू. त्याला न्हाई लाड लागत."

"दिसंल कळी."

"तू धरशील का दम? पह्यल्या वर्षावानी झाडायच्या गळ्यात पडून रडशील."

"बिलकुल न्हाई. गंधीची शपथ."

शपथ घेऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच कळशी वाकली. एकाच झाडाची तर गोष्ट, असं ती मनाला सांगायची. दोनशे एकोणसाठ उपाशी ठेवलेत की.

*

पौषातल्या एका रविवारी गंधाली घरी आली. आई भाकरी थापत होती. गंधाली चुलीपुढे बसून गूळ-शेंगदाणे खात म्हणाली, "आई, औंदा ताणाचं मी बघते. मपला प्रोजेक्टच त्याचा हाय. तहान लागल्यावर पानात काय होतं, ते."

"काय होतं? सुकतं."

"सुकायच्या आधी." तिनं चुलीकडं बोट केलं. "ही चूल म्हंजे ऊन. तवा म्हंजे पान. आन् तुह्या हातातलं पीठ म्हंजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. पानाला बारीक बारीक दारं असतेत, त्यातून तो आत येतो. ऊन, पानी आन् तो, मिळून झाडाची भाकर होती. आता पानी तोडलं. आतली वल जाऊ नाही म्हनून झाड दारं लावून घेतं. मंग चूल पेटलेली, तवा तापलेला, आन् पीठ दाराबाहेर. काय होईल?"

"तवा जळंल. आन् कोन बाई म्हनायची ती, चूल ओढून घ्यायची सोडून बघत बसली?"

"ऊन कसं ओढून घेतीस?"

दैवशालाचा हात परातीत थांबला. ते बराबर होतं. ऊन कुणाच्या हातात नव्हतं.

"मंग ती धग जवळच्या ऑक्सिजनवर उडी मारती," गंधाली म्हणाली. "साधा ऑक्सिजन गरीब असतो. पर धग घेतली की चवताळतो. जे गावंल त्याला चावतो. थोडा चवताळला तर झाड सावध होतं, वळखतं की दिवस वाईट आलेत, फुलाची तयारी करा. लई चवताळला तर झाडालाच जाळतो. किती चवताळला ते पानात बघता येतं. एक औषध हाय, डॅब म्हंतेत. पान त्यात ठिवायचं, मंग स्पिरिटमंदी उकळून त्याचा हिरवा रंग काढून टाकायचा. चवताळलेला असंल तिथं तपकिरी डाग दिसतो. न्हाई तर पान पांढरं."

"आन् पान खोटं बोलत न्हाई?"

"पान कशाला खोटं बोलंल, माय!"

सोमवारी सकाळी सहाला गंधाली बदनापूरहून गाडी धरायला निघाली. धुकं होतं. स्कूटी वाटेच्या तोंडाशी थांबली, तिनं हात लांब करून दोन पानं तोडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि डब्यात ठेवली. ओट्यावरून दैवशाला बघत होती. ते गंधीचं झाड होतं. दुसरं कुठलं असणार? वाटेवरचं, हाताशी आलेलं, आणि तिचं स्वतःचं.

दैवशालाच्या तोंडात शब्द आला. पण शेजारी राजानंद कारखान्याच्या पाळीला निघून बुटाची नाडी बांधत होता. नवऱ्यासमोर कसं म्हणायचं, की थांब बाई, त्या झाडाला मी पाणी घालून राह्यले? स्कूटीचा आवाज धुक्यात बारीक होत गेला. दोन पानांनी काय होतंय, असं म्हणून ती धार काढायला गेली.

त्या वेळी पान पांढरं निघालं. अजून ताण कोवळा असेल, असं सगळ्यांना वाटलं. संक्रांत झाली. पाणी तोडून चव्वेचाळीस दिवस झाले त्या सोमवारी गंधालीनं पुन्हा त्याच झाडाची पानं नेली, आणि मंगळवारी तिचा फोन आला.

"आई, पान आजूनबी पांढरंच. डाग न्हाई, ठिपका न्हाई. ताण बसलाच न्हाई म्हंजे. अजून दहा दिवस तर धराच. बाबाला सांग."

राजानंदनं फोन हातात घेतला. "शाब्बास. ह्या घरात एक तरी माणूस दम धरणारं निघालं."

*

बुधवारी शेजारची साळूबाई वाणाचं घेऊन आली. तिचा रानरस्ता वरच्या ओळीवरून. हळदीकुंकू लावून घेताना तिचे डोळे दाराबाहेर.

"दैवशाले, वरल्या वळीची शेंडं वाळून राह्यली, बाई. औंदा बी सरपन करतेव का काय? आमच्या घरचं सरलंय, सांगून ठिवते."

"लेक म्हनती, अजून दहा दिवस धरा."

"लेक कुठं हाय?"

"संभाजीनगरला."

"मंग तिला तिथून बराबर दिसत असंल," साळूबाई म्हणाली आणि तिळगूळ तोंडात टाकून निघून गेली.

दैवशाला वरच्या ओळीला गेली. तिथं माती हातभर, खाली मुरूम. पानं आतल्या बाजूला मुडपलेली, डहाळ्यांची टोकं काडीसारखी. तिनं एक पान मुठीत दाबलं, त्याचा चुरा झाला. खालच्या काळ्या रानातली झाडं मलूल होती पण जिवंत. पिवळी पानं बुंध्याभोवती पडलेली. आणि वाटेच्या तोंडाशी गंधीचं झाड तुकतुकीत उभं. न्हाऊन-माखून बसलेल्या पोरीसारखं.

ती मुरुमावरच बसली. पान खोटं बोललं नव्हतं. पानानं खरं तेच सांगितलं होतं, की मला तहान नाही. दोनशे साठ झाडांचा निरोप पोटभर पाणी प्यायलेल्या एका झाडाला विचारला होता, आणि ते पाणी तिच्या हातचं होतं.

आईनं लहानपणी जात्यावर बसवली तेव्हापासून दुःख आलं की तिच्या ओठावर ओळी जुळायच्या. कुणाच्या ऐकलेल्या नव्हेत, तिच्या तिलाच सुचलेल्या. आताही जुळल्या.

लेकीच्या नावाचं गं झाड वाटेला लाविलं
चोरून घातलं पानी, रान सारं ताविलं

दुसरी ओवी आली नाही. दहा दिवस थांबलं तर वरची ओळ जाते. आज घाबरून सगळीकडं पाणी सोडलं आणि खालची झाडं तयार नसली, तर कळी जाते. दोन्हीकडून कल्याणचं मशीन येतं. आणि कुठल्या झाडाला आज आणि कुठल्याला उद्या, हे तिला कळत नव्हतं. कळायचं तर एकच वाट होती, आणि त्या वाटेवर आधी आपलं पाप सांगावं लागणार होतं.

गुरुवारी पहाटे तिनं कळशी भरली नाही. शिवणाच्या डब्यातून सात रंगांचे दोरे काढले. वरच्या ओळीतल्या दोन झाडांच्या पानांना लाल आणि केशरी. मधल्या रानातल्या तिघांना पिवळा, निळा, काळा. विहिरीजवळच्या झाडाला हिरवा. आणि गंधीच्या झाडाला पांढरा. ओल्या फडक्यात सगळं गुंडाळलं.

सुट्टीचा राजानंद चहा पीत होता. "कुठं निघाली?"

"गंधीला तिळाचे लाडू द्यायला. स्टेशनवर सोडा."

"लाडवाला आंघोळ घातली का काय? फडकं गळून राह्यलं."

"चला जल्दी, गाडी जाईल," ती म्हणाली.

*

प्रयोगशाळेत आई आलेली पाहून गंधालीचं तोंड उतरलं. "बाबा? बाबाला काय झालं?"

"बाबा धड हाय. आगोदर हे घे." दैवशालानं फडकं उलगडलं. "सात झाडाची पानं हायेत. दोरा बघून वळख. आन् गंधे, ते तुह्यं झाड... त्याला ताण न्हाईच. मी रोज पानी घालून राह्यले. चंपाषष्ठी होऊन पंधरवडा बी झाला न्हवता, तवापासून."

पांढऱ्या कोटातली दोन पोरं मान वळवून बघायला लागली. गंधालीनं पांढऱ्या दोऱ्याचं पान उचललं, उजेडाला धरलं.

"कामून, आई?"

"तू म्हनलीस, मेसच्या भाजीत एकच बटाटा असतो."

गंधालीला आधी हसू आलं, मग डोळे भरले, मग राग आला, आणि ह्या तिघांनाही आत एकदम जागा पुरेना म्हणून ती स्टुलावर बसली. तिच्या मार्गदर्शक उमा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पहिल्याच दिवशी मी काय विचारलं होतं तुला?" त्या म्हणाल्या.

"किती झाडांची पानं घेतली," गंधाली खाली बघत म्हणाली.

"आणि तू?"

"एकाचीच. पण वळखीचं झाड हाय, म्हनले."

"ओळखीचं!" मॅडमनी दैवशालाला आपली खुर्ची ओढून दिली. "बसा ताई. तुमच्या लेकीपेक्षा नमुने तुम्ही नीट आणलेत. सात, आणि खुणा करून."

पानांच्या नाण्याएवढ्या चकत्या कापल्या गेल्या. हातमोजे घालून गंधालीनं त्या औषधात बुडवल्या आणि दिव्याखाली ठेवल्या. आता दुपारपर्यंत थांबायचं होतं. मायलेकी लाडू खात बसल्या. दैवशालाला त्या काचेच्या ताटल्यांवरून नजर हलवता येईना.

"ते चवताळलेलं, त्याला नाव काय?"

"लई नावं हायेत, एकातून एक होत जातेत. ह्या औषधात दिसतं ते हायड्रोजन पेरॉक्साइड."

"दवाखान्यात जखमेवर घालतेत, फेस येतो, ते?"

"तेच. बाटलीत तेच आन् पानातबी तेच. आपल्या अंगातबी बनतं, दर श्वासाला."

"अगं बाई! मंग आपन जळत कसं न्हाई?"

"तो फेस येतो ना, तीच वाचवणारी गोष्ट हाय. रक्तामांसात एक एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइडला फोडून त्याचं पानी करतं आन् साधा गरीब ऑक्सिजन. झाडातबी हाय ते. दिवसभर एकीकडं पेटवत राहायचं, एकीकडं इझवत. तहान लई लांबली की इझवणारं कमी पडतं."

"आगीचं पानी करतं," दैवशाला हळूच म्हणाली. "आन् दारं लावून घेतल्यावर पान तापत असंल?"

"तापतंच. घाम न्हाई आला तर मानूस तापतो तसं."

"काकासाहेब भाऊजी भर दुपारी पान गालाला लावायचे." तिनं स्वतःच्या गालावर तळवा ठेवला. "ह्या झाडाचं, त्या झाडाचं. मला वाटायचं, म्हातारा मानूस, झाडायचे लाड करतो. धा-धा झाडायची पानं लावायचे, गंधे. प्रत्येक वळीतली."

गंधालीनं वही ओढली आणि ते लिहून घेतलं. मग पेन थांबवून म्हणाली, "आई, एक खरं सांगते. किती डाग पडले म्हंजे कळी येती, हे पुस्तकात कुठं लिव्हलेलं न्हाई. तो निरोप फुलापोहत कसा जातो, हेच मी शोधून राह्यले. आज जे सांगंन ते अंदाजानं."

"भाऊजीबी अंदाजानंच सांगत असतेल. फकस्त कुनाला सांगायचे न्हाईत, अंदाज हाय म्हनून."

साडेतीनला गंधालीनं चकत्या स्पिरिटमध्ये टाकून उकळायला ठेवल्या. हिरवा रंग धुरासारखा सुटू लागला. पानं फिकी झाली, मग साबणाच्या वडीसारखी. आणि त्या फिकेपणात खालून तपकिरी रंग वर आला, दुधावर साय धरावी तसा सावकाश. दैवशाला उठून जवळ गेली. लाल दोऱ्याची चकती करपलेल्या भाकरीसारखी, केशरीची तशीच. पिवळी, निळी, काळी ह्यांच्यावर शिरांच्या कडेनं ठिपके, रांगोळीच्या ठिपक्यांइतके मोकळे. हिरव्या दोऱ्याची जरा फिकट. पांढऱ्या दोऱ्याची चकती कोऱ्या कागदासारखी.

"वरची वळ जळून राह्यली," गंधाली म्हणाली. "तिला आजच पानी. मधल्या रानाला बसलाय ताण, खत-माती करून रविवारी सोडा. विहिरीजवळचीला अजून चार दिवस. आई, बाबाला फोन लाव. लाईट किती वाजेपोहत हाय?"

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती, साडेचारला जायची. भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते.

राजानंदनं फोन उचलला. दैवशाला म्हणाली, "वरल्या वळीचा व्हॉल्व खोला. फकस्त वरल्या. जल्दी."

"कामून? लेक म्हनली दहा दिवस—"

"लेकीनं मह्या चुकीच्या पानावरून सांगितलं. गंधीच्या झाडाला मी पानी घालत होते. रोज. चोरून." तिनं डोळे मिटले. "शपथ मोडली मी."

फोनमध्ये लांबून कुणाच्या तरी ट्रॅक्टरची गाणी ऐकू आली.

"महिना झाला," राजानंद अखेर म्हणाला, "मी कारखान्यात समद्याला सांगून राह्यलो, की औंदा मह्या बायकोनं काळीज दगडाचं केलं. तिथं काय तोंड दाखवू आता?"

"मंग दाखवा. आधी व्हॉल्व खोला. लाईट चालली."

"चप्पल तर घालू दे, बाई!" आणि फोन तसाच चालू राहिला, खिशात टाकला असावा. धावण्याचा आवाज आला, धाप, कुत्र्याचं भुंकणं, मोटारीचा खटका, आणि मग राजानंदचं कुणालातरी ओरडून सांगणं, "सरक रे तिकडं!" शेवटी वाऱ्याचा आवाज. मायलेकी फोनवर कान ठेवून बसल्या. "पडून राह्यलं पानी," तो म्हणाला. "थेंब थेंब पडून राह्यलं. मुरूम नुसता पिऊन राह्यला."

*

रविवारी मधल्या रानाला शेणखत पडलं, आळी केली, आणि हलकं पाणी सुटलं. चार दिवसांनी विहिरीजवळच्या झाडांना. गंधीच्या झाडाचं पाणी आता खरोखर बंद होतं. दैवशाला रोज ओळीओळीनं फिरे. पहिले आठ दिवस काहीच नाही. बाराव्या दिवशी मधल्या रानात फांद्यांवरचे डोळे फुगल्यासारखे वाटले, पण डोळा पानाचा की फुलाचा, हे सांगता येईना. ती कुणाला बोलली नाही.

अठराव्या दिवशी गुरुवार होता. राजानंद ओट्यावर दाढी करत होता तेव्हा कल्याण मोटरसायकलवर आला. मशीन आत कुठून घ्यायचं ते बघायला. "सांगितलं होतं ना तुमी, शिवरात्रीच्या आधी. मधे दोन दिस मोकळं हाय. मंग मार्चपोहत न्हाई."

राजानंदनं अर्ध्या गालाचा साबण पुसला. तिघं बागेत गेले. वरच्या ओळीत त्यानं नखानं साली खरवडल्या. सहा झाडांत खाली तपकिरी कोरडं लाकूड लागलं. बाकीच्यांत साल सुटताच हिरवं दिसलं.

"सहा गेली," तो म्हणाला.

"व्हय," दैवशाला म्हणाली.

मधल्या रानात कल्याण पुढं चालत होता, पावलांनी रुंदी मोजत. एका फांदीला खांदा लागला म्हणून त्यानं ती बाजूला केली, आणि राजानंदनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. हालू नको."

फांदीच्या बेचक्यात मोहरीएवढं काही होतं. हिरवट, टोकाला पांढुरकं. त्याच्या शेजारी दुसरं. राजानंदनं खिशातून चष्मा काढला, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळं की काच साबणानं माखल्यामुळं, त्याला नीट दिसेना. "दैवशाले, हे पान हाय का कळी?"

तिनं जवळ जाऊन पाहिलं. वरच्या फांदीवर पाहिलं. पुढच्या झाडावर, त्याच्या पुढच्या. चालता चालता ती पळायला लागली, पन्नाशीला आलेली बाई, पदर काट्यांना अडकत होता तो सोडवायचंही भान नव्हतं. ओळीच्या पार टोकाला जाऊन ती ओरडली, "कळी हाय! सगळ्याला हाय!"

कल्याणनं राजानंदकडं पाहिलं. "मंग मशीन?"

"तुह्या मशीनला इथून वाट न्हाई रे, भाऊ," राजानंद म्हणाला. "फांद्या मोडतेल. चल, चहा पी."

"सहा झाडं तरी काढायला बोलवा."

"सहा मी कुऱ्हाडीनं काढतो. साळूबाईचं सरपन सरलंय."

*

फूल उमललं ते शिवरात्र होऊन गेल्यावर. त्या दिवसांत सकाळी घराची दारं उघडली, की वास आधी आत यायचा आणि माणसं मग बाहेर जायची. वरच्या ओळीत फूल विरळ होतं, विहिरीजवळ बरं, आणि मधल्या रानात इतकं, की साळूबाई रानात जायची वाट सोडून मुद्दाम तिथून वळसा घालू लागली. म्हणायची, पाय दुखत्यात, जवळची वाट धरली.

एका गुरुवारी राजानंदनं गंधालीला फोन लावला. ती प्रयोगशाळेत होती.

"बाबा, बोला ना."

"बोलत न्हाई. ऐक." त्यानं हात उंच करून फोन फांद्यांच्या मधोमध धरला.

गंधालीनं तो कानाला घट्ट लावला. आधी खरखर वाटली. मग कळलं, की ती खरखर नव्हे. सबंध झाडभर मधमाशा होत्या. त्यांचा एकच लांब, भरलेला सूर चाळीस किलोमीटरवरून तिच्या कानात येत होता. तिनं फोन उमा मॅडमच्या कानाला लावला. मग त्या दोन पांढऱ्या कोटांच्या.

"लई हायेत, बाबा!"

"आता तुह्या मायशी बोल. मला शिंका यायल्या."

दैवशालानं फोन घेतला. गंधाली म्हणाली, "आई, कोनत्या वळीला किती फूल, ते दोऱ्याच्या रंगापरमानं लिहून ठिव. मला लागंल. आन् मह्या झाडाला?"

दैवशालानं वाटेच्या तोंडाकडं पाहिलं. सगळ्या पांढऱ्या बहरात ते एकटंच हिरवं उभं होतं, भरगच्च, एका फुलाशिवाय. एक माशी त्याच्याकडं गेली, फिरली आणि परत आली.

"तुह्या झाडाला पानंच पानं. जाडजूड झालंय नुसतं."

"बराबर हाय. पुढच्या चंपाषष्ठीपासून त्यालाबी उपाशी ठिवायचं. शपथ-बिपथ नको, नुसतं ठिवायचं. ठिवशील ना?"

"ठिवते," दैवशाला म्हणाली. "मेसमंदी आज काय होतं?"

"आई!"

"न्हाई, इचारलं आपलं," ती म्हणाली. "बघू."